इतर माहिती

औरंगपुऱ्यात एका वह्या-पुस्तकांच्या दुकानावर कमरोद्दीनचाचांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. अरुंद जिना चढून गेलं की एक लांबट खोली आणि तिच्यात अकरा मशिनी. सकाळ-संध्याकाळ शिकणाऱ्यांची गर्दी असायची. दुपारी खोली रिकामी व्हायची, तेव्हा सत्यभामा पांढरे खिडकीजवळच्या मशिनीवर बसून लोकांचे बायोडाटा करून द्यायची.

साल होतं पंच्याऐंशी. चिकलठाण्याची एमआयडीसी भरत आली होती आणि वाळूजच्या माळावर दर दोन-चार महिन्यांनी नव्या कारखान्याची पाटी लागत होती. गंगापूरकडून, कन्नडकडून पोरं एसटीनं यायची, जाहिरातीचं कात्रण खिशात घडी करून, आणि जिन्यातूनच विचारायची, "बायडाटा इथंच करून मिळतो का?"

चाचांनी तरुणपणी कचेरीबाहेर बसून उर्दूत अर्ज लिहिले होते. नंतर मराठीत लिहिले, आता इंग्रजीत टाईप करून देत. सत्यभामाला त्यांनीच शिकवलं. "साहेब लोक एक मिनिट बघतात, बेटा. त्या एका मिनिटात त्यांच्या दिलात सवाल नाय उठला पायजे," ते म्हणायचे. "खोटं लिहू नको. पण सगळं खरं लिहायची सक्ती पण कुणी केली नाय."

सत्यभामाचा हात या कामात चांगला बसला. समोर आलेल्याला ती आधी बोलतं करायची. गंगापूरचा एक जण म्हणाला, मला काहीच येत नाही, बापाच्या विहिरीवर इंजिन चालवतो एवढंच. तिनं लिहिलं, डिझेल इंजिनाची देखभाल व दुरुस्ती, चार वर्षांचा अनुभव. त्याला काम लागलं. असे किती तरी जण तिच्या कागदावर वाळूजला गेले. काही पेढे घेऊन परत यायचे. ती हसून एक उचलायची आणि तो तोंडात असतानाच मनात म्हणायची, आता हा पण गेला.

ती स्वतः चार वर्षं त्याच खिडकीपाशी होती. बी.कॉम. झालेली, सेकंड क्लास. तिचा बाप त्रिंबक पिशोरकडची मेंढरं विकून शहरात आला होता आणि चिकलठाण्याला एका फॅक्टरीच्या गेटावर वॉचमन होता. माय बानाबाई बांधकामावर जायची. मुकुंदवाडीत दोन पत्र्याच्या खोल्या. सत्यभामानं स्वतःचा बायोडाटा कितीदा तरी केला. नाव, पत्ता, शिक्षण, टायपिंगचा वेग, छंद वाचन. एवढ्यावर कागद अर्धा पांढराच राहायचा. गंगापूरच्या त्या पोराचं इंजिन तिला चटकन दिसलं होतं. स्वतःकडे बघितलं की काही दिसायचं नाही.

मार्चमध्ये एका औषध कारखान्याची जाहिरात आली. वाळूजला नवा प्लांट, पर्सोनेल विभागात टायपिस्ट, जागा एक, महिलांना प्राधान्य. सत्यभामानं कात्रण कापून मशिनीच्या झाकणात ठेवलं. कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्याच दिवशी दुपारी कस्तुरा जिना चढून आली. तिच्या हातात तेच कात्रण होतं.

कस्तुरा वाहुळ तिची कॉलेजातली मैत्रीण. उस्मानपुऱ्यात राहायची, वडील, आबा, रेल्वेत गँगमन. पहिल्या दिवशी दोघी एका बाकावर बसल्या आणि पुढं तो बाक तसाच राहिला. पण बाकावर दोघी असल्या तरी लोकांना एकच दिसायची. सर वर्गात आले की कस्तुराला नावानं हाक मारत आणि सत्यभामाला "तुम्ही" म्हणत, कारण नाव आठवायचं नाही. वक्तृत्वाची ढाल कस्तुराला मिळायची. टाळ्या वाजवताना सत्यभामाचे हात दुखायचे, आणि आपण मैत्रीण म्हणून वाजवतोय की आपलं तोंड कुणी बघू नये म्हणून, हे तिला कधी नीट कळलं नाही.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव घरं जळाली. तेव्हा सत्यभामाच्या घरी गावाकडचे नातलग येऊन जे बोलून गेले, ते तिनं कस्तुराला कधी सांगितलं नाही. पुढच्या वर्षी, डिसेंबरात, कस्तुरा सत्याग्रहाला गेली आणि धरली गेली. अठरा दिवस हर्सूलच्या तुरुंगात होती. ती आत असताना परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख उलटली आणि तिचं एक वर्ष गेलं. त्या अठरा दिवसांत सत्यभामानं सगळ्या तासांच्या नोट्स दोनदा लिहिल्या, एकदा स्वतःसाठी आणि एकदा तिच्यासाठी. सुटून आली त्या दिवशी कॉलेजच्या फाटकावर पोरींनी कस्तुराला हार घातला. सत्यभामा वह्यांची पिशवी घेऊन गर्दीच्या मागं उभी होती.

त्याच नोट्सवर कस्तुरा पुढच्या वर्षी फर्स्ट क्लासमध्ये आली.

घरी माय तर तिचंच नाव घ्यायची. सुरुवातीला बानाबाई तिला बाहेरच्या बाजेवर बसवून चहा द्यायची. मग कधी तरी कस्तुरा सरळ चुलीपाशी येऊन बसली, भाकरी थापायला लागली, आणि बानाबाईनं काही म्हटलं नाही. त्यानंतर ती आली नाही तर बानाबाई विचारायची. "त्या पोरीसारखं चार लोकात बोलावं," ती सत्यभामाला म्हणायची. "तू लई मुकी बाई."

तर त्या दुपारी कस्तुरानं समोरचं स्टूल ओढलं आणि हातानं लिहिलेला कागद पुढं केला.

"तूच करून दे," ती म्हणाली. "तुझ्या हातचा कागद वाळूजला चालतो म्हणतात. तू भरलास का तुझा?"

"बघू," सत्यभामा म्हणाली. "जागा एकच आहे."

"मग दोघींतल्या एकीला लागेल. वाईट काय त्यात?"

कस्तुरानं हे मनापासून म्हटलं, आणि सत्यभामाला तेच सहन झालं नाही. तिनं कागद वाचायला घेतला. वक्तृत्व, सलग तीन वर्षं प्रथम. विद्यार्थिनी मंडळाची चिटणीस. उस्मानपुऱ्यात बायांसाठी साक्षरता वर्ग, तीस बाया, तीन वर्षं. टायपिंग चाळीस. कागद दोन्ही बाजूंनी भरला होता आणि त्यात वाढवलेलं काहीच नव्हतं. सत्यभामाला ते माहीत होतं. प्रत्येक ओळीच्या वेळी ती तिथंच कुठं तरी उभी होती.

"हे एक वर्ष जास्तीचं दिसतंय," ती म्हणाली. "बारावी अठ्ठ्याहत्तर, बी.कॉम. ब्याऐंशी. तीनच्या जागी चार."

"ते तूच बघ. तुला तर सगळं ठाऊक आहे."

आपल्या टेबलावरून चाचा म्हणाले, "बारावीचं साल लिहूच नको. नुसतं पास लिही. कोण बोटं मोजत बसतो?"

"बघ, चाचांनी सोडवलं पण," कस्तुरा हसली. तिला वर्गाला जायचं होतं. पाचला सही करायला येते म्हणून ती जिना उतरून गेली.

सत्यभामानं दोन कार्बन घालून तीन कागद मशिनीत चढवले. नाव, पत्ता, शिक्षण. चाचांची ती युक्ती तिनं आजवर पन्नास जणांसाठी तरी वापरली होती. नापास झालेल्यांसाठी, बाळंतपणात वर्ष गेलेल्या एका बाईसाठी, घरातून पळून मुंबईला राहून आलेल्या एकासाठी. बोटं आपोआप तिकडं वळली होती. तिनं ती थांबवली आणि बारावीपुढं साल टाकलं. बी.कॉम.पुढंही टाकलं. मग वक्तृत्व, मंडळ, साक्षरता वर्ग. प्रत्येक ओळ संपली की मशिनीची घंटी वाजायची आणि तिला वाटायचं, आपण परत त्या गर्दीच्या मागं उभ्या आहोत.

पान भरत आलं. खाली दोन बोटं जागा उरली. तिथं तिनं टाईप केलं: इतर माहिती. आणि त्याखाली सरळ इंग्रजीत, एकही अक्षर न चुकता: डिसेंबर १९७९ मध्ये विद्यापीठ नामांतराच्या सत्याग्रहात भाग घेतला; अठरा दिवस हर्सूल तुरुंगात; त्यामुळे एक शैक्षणिक वर्ष वाया.

सगळं खरं होतं. चार वर्षं ती साहेब लोकांसाठी कागद करत होती. एका मिनिटात कुठल्या ओळीवर डोळा थांबेल आणि थांबला की हात काय करेल, हे तिला चाचांइतकंच कळत होतं.

पाचला कस्तुरा आली. उभ्या उभ्याच वाचायला लागली. खाली पोचली तशी तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"काढू का?" सत्यभामा म्हणाली. "पान परत करता येईल."

कस्तुरानं ती ओळ परत वाचली. मग म्हणाली, "राहू दे. मी स्वतः लिहिलं नसतं. घाबरले असते." तिनं पेन मागितलं, तिन्ही प्रतींवर सही केली आणि सत्यभामाचा हात धरला. "तू लिहिलंस म्हणून बरं वाटलं गं. एक कार्बन कॉपी मी ठेवून घेते. आबांना वाचून दाखवीन."

ती गेल्यावर सत्यभामा मशिनीवर झाकण घालत होती. लाज वाटायला हवी होती. पण तिला एवढंच दिसत होतं, की आपण तिला खाली ओढायला म्हणून लिहिलेली ओळसुद्धा तिच्या पानावर बिल्ल्यासारखी शोभून बसली. तिनं स्वतःचा अर्धा पांढरा कागद पाकिटात घातला आणि दोन्ही पाकिटं एकाच पेटीत टाकली.

पंधरा दिवसांनी तिला बोलावणं आलं. कस्तुराला आलं नाही.

कस्तुरा मुलाखतीच्या आदल्या दिवशी मुकुंदवाडीला आली. बानाबाईच्या चुलीपुढं बसून तिनं सत्यभामाची तयारी करून घेतली. "मान वर ठेव. विचारलं की लगेच बोलू नको, एक श्वास घे. येत नसलं तर येत नाही म्हण, शिकेन म्हण." सत्यभामा ऐकत होती. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत तिनं मान वर ठेवली, श्वास घेतला, आणि तिला कळलं की आपण कस्तुराच्या आवाजात बोलतोय. साहेबांना तो आवाज आवडला.

नोकरी लागली तेव्हा बानाबाईनं गल्लीत साखर वाटली. त्रिंबक दोनदा ते पत्र उलटसुलट बघून म्हणाला, "माझी पोरगी गेटाच्या आत गेली." कस्तुराही आली. तिच्या तोंडावर जळल्याची एखादी तरी रेष दिसावी म्हणून सत्यभामा बघत राहिली. दिसली नाही. कस्तुरानं तिच्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाली, "आता आत गेलीस. पुढची जागा निघाली की मला सांग."

कारखान्यात सत्यभामाला चांगलं टेबल मिळालं, इलेक्ट्रिक मशीन मिळाली. कंपनीची बस मुकुंदवाडीच्या कोपऱ्यावर थांबायची. तीन महिने तिला कुणाचाही हेवा वाटला नाही, आणि इतकं हलकं वाटतं हे तिला पहिल्यांदाच कळत होतं.

जुलैमध्ये साहेबांनी तिला कपाटातले जुने अर्ज लावून ठेवायला सांगितले. दोनशेच्या वर होते. आपला कागद तिला लवकर सापडला, त्यावर निळ्या पेन्सिलीनं बरोबरची खूण होती. कस्तुराचा गठ्ठ्याच्या तळाशी होता. त्यावर वक्तृत्वापाशी निळी खूण होती, साक्षरता वर्गापाशी होती, चाळीसच्या वेगापाशी होती. शेवटच्या ओळीखाली तांबडी रेघ ओढली होती आणि बाजूला दोनच अक्षरं, "नको."

म्हणजे तिथवर ती पुढं होती. त्या ओळीपर्यंत साहेबांनी तिलाच निवडलं होतं.

सत्यभामा कागद हातात धरून उभी राहिली. आधी तिला वाटलं, आपलं काम नेमकं बसलं. नंतर तिनं ती रेघ अंगठ्याखाली झाकली. आणि सगळ्यात शेवटी ती जुनीच कळ आली. हे टेबल, ही मशीन, ही बस, हे आपल्याला दुसऱ्या नंबरावर मिळालंय. इथंही तीच पहिली होती.

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. कस्तुरा भेटली की "निघाली का गं जागा?" विचारायची, आणि सत्यभामा "अजून नाही" म्हणून दुसरीकडं बघायची. नोव्हेंबरात खरंच जागा निघाली, स्टोअरमध्ये कारकून. आता कंपनीनं स्वतःचा छापील फॉर्म काढला होता, चार पानांचा. त्यात प्रत्येक वर्ष कुठून कुठपर्यंत ते लिहायचं होतं, आणि एक रकानाच होता: शिक्षणात खंड असल्यास कारण.

साल गाळायची सोय नव्हती. सत्यभामानं कस्तुराला निरोप धाडला आणि जेवणाच्या सुट्टीत तिचा फॉर्म स्वतः टाईप करून भरला. त्या रकान्यापाशी ती थांबली. तांबडी रेघ तिच्या डोळ्यापुढं होती. तिनं लिहिलं, आजारपण.

संध्याकाळी बाबा पेट्रोलपंपाच्या चौकात कस्तुरा तिला भेटायला आली. सत्यभामानं फॉर्मचं शेवटचं पान पर्सवर ठेवून पुढं केलं.

"इथं सही. उद्या शेवटची तारीख आहे."

"वाचते की."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

कस्तुरानं तिच्याकडं बघितलं, हसली आणि सही केली.

मुलाखतीला साहेबांच्या खोलीत तिघं अधिकारी होते. कोपऱ्यातल्या टेबलावर सत्यभामा गुण लिहून घ्यायला बसली होती. आठ महिन्यांपूर्वीचा कागद साहेबांच्या लक्षात नव्हता, एवढ्या अर्जांतून तो गेला होता. कस्तुरा आत आली, बसली. चार-पाच प्रश्न बरे गेले. एका अधिकाऱ्यानं मान डोलावली. साहेब फॉर्म चाळत म्हणाले, "एकोणऐंशी–ऐंशीला आजारी होता तुम्ही. काय झालं होतं? आता तब्येत कशी आहे? स्टोअरला उभं राहायचं काम असतं."

"मी आजारी नव्हते," कस्तुरा म्हणाली.

साहेबांनी फॉर्म तिच्याकडं फिरवला. तिनं तो रकाना वाचला. मग एकदाच, अगदी क्षणभर, कोपऱ्यातल्या टेबलाकडं बघितलं. सत्यभामाची पेन्सिल कागदावर टेकलेली होती, ती हलली नाही.

"मी नामांतराच्या सत्याग्रहात होते," कस्तुरा म्हणाली. "अठरा दिवस हर्सूलला. त्यात वर्ष गेलं."

"मग इथं असं कसं लिहिलंय?"

"टायपिंगची चूक असेल. सही माझी आहे, म्हणजे चूक माझीच."

साहेबांनी फॉर्म मिटला आणि म्हणाले, ठीक आहे, कळवू. कस्तुरा नमस्कार करून उठली. सत्यभामाला तिच्या नावापुढं गुण लिहायचे होते. अधिकाऱ्यांनी सांगितले ते तिनं लिहिले. ते पुरेसे नव्हते.

पाच वाजता ती फाटकाबाहेर पडली तेव्हा कस्तुरा रस्त्यापलीकडं, एसटीच्या थांब्यावर उभी होती. दोन तास थांबली होती. सत्यभामानं कंपनीची बस सोडली आणि रस्ता ओलांडला.

"पहिल्या वेळी तू खरं लिहिलंस," कस्तुरा म्हणाली. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. "त्यांनी नाकारलं. ठीक आहे, मी समजू शकते. मग आता हे खोटं माझ्या नावावर कामून? मला विचारायचं तरी होतंस."

"तुला जागा मिळावी म्हणून."

"खोटं बोलून मिळालेली?"

सत्यभामाला इथं थांबता आलं असतं. भलं करायला गेले आणि चुकले, एवढ्यावर कस्तुरानं तिला माफ केलं असतं. दोन दिवस रागावली असती आणि तिसऱ्या दिवशी मुकुंदवाडीला आली असती. हे तिला माहीत होतं. पण अगदी याच वेळी कस्तुराचं ते सरळ उभं राहणं, ते "चूक माझीच" म्हणून तिला वाचवणं, तिला सोसवत नव्हतं.

"पहिल्या वेळी पण मी तुझ्या भल्यासाठी लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"चाचांनी सांगितलं होतं तसं साल गाळता आलं असतं. मी मुद्दाम लिहिलं. तुला बोलावणं येऊ नये म्हणून. ती ओळ नसती तर जागा तुझी होती, मी कपाटात बघितलंय. तांबडी रेघ आहे तिच्याखाली."

गंगापूरची एसटी आली, धूळ उडवून गेली. दोघींनीही तिच्याकडं बघितलं नाही.

"मी काय केलं होतं तुला?" कस्तुरानं विचारलं.

सत्यभामानं आठवून बघितलं. ढाल, हार, फर्स्ट क्लास, मायची चूल. एकही गोष्ट तोंडानं सांगण्यासारखी नव्हती. "काही नाही," ती म्हणाली. "तू काहीच केलं नाहीस. तू नुसती असायचीस."

कस्तुरा म्हणाली, "जागेचं सोड. जागा काय, त्यांनी मुलाखतीत विचारून पण घालवली असती. पण ती ओळ मी आबांना वाचून दाखवली होती. ते म्हणाले, परत वाच. मी सांगितलं, माझ्या मैत्रिणीनं लिहिलंय. त्यांनी तो कागद काचेच्या फ्रेममध्ये लावलाय, फोटोंच्या शेजारी." तिनं पदर सारखा केला. "आता घरी गेल्यावर तो मला तिथं दिसणार."

शहराकडं जाणारी एसटी आली. कस्तुरा चढली, मागोमाग सत्यभामाही. कस्तुरामागची सीट रिकामी होती तरी सत्यभामा पुढं उभी राहिली. सगळ्या वाटेत कस्तुरानं खिडकीबाहेरून नजर काढली नाही. क्रांती चौकात ती उतरली आणि उस्मानपुऱ्याकडं चालायला लागली.

दीड वर्ष ती आली नाही. बानाबाई विचारायची, "भांडलात का गं?" सत्यभामा म्हणायची, तिला काम असतं. कारखान्यात तिचं काम वाढलं, पगारही वाढला. तिनं घरावर स्लॅब टाकला. अर्ज छाननीला येत, तेव्हा साहेब पहिली चाळणी तिच्याकडं देऊ लागले. ती प्रत्येक कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. नामांतर, मोर्चा, तुरुंग असं काही कुणी लिहीतच नव्हतं. दोनदा तिला मधलं एक वर्ष रिकामं दिसलं. त्या दोन्ही कागदांवर तिनं निळी खूण केली आणि साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलं. त्यांनी विचारलं नाही.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात, एका रविवारी सकाळी, कस्तुरा दारात उभी राहिली. बानाबाई धावत पुढं गेली, तिला धरून आत आणलं. कस्तुराला बँकेत नोकरी लागली होती, परीक्षा देऊन. अजिंठ्याच्या शाखेत जायचं होतं. निघण्याआधी बानाबाईला भेटायला म्हणून ती आली होती. "मावशीला", ती म्हणाली. सत्यभामाकडं बघून तिनं मान हलवली, ओळखीच्या माणसाकडं बघून हलवावी तशी.

चहा करताना सत्यभामाला राहवलं नाही. "फॉर्म कुणी भरून दिला?"

"मीच भरला. हातानं."

"आणि ते वर्ष?"

"रकाना होता. होतं ते लिहिलं." कस्तुरा कपाकडं बघत म्हणाली. "त्यांनी विचारलं. मी सांगितलं. एक जण म्हणाला, पुढं? मी म्हटलं, पुढं पास झाले."

बानाबाई मोठ्यानं हसली. कस्तुराही हसली. मग ती बानाबाईला अजिंठ्याची खोली कशी बघितली, घरमालकीण गोजरबाई किती कडक आहे, पाणी कुठून आणावं लागतं, ते सांगायला लागली. बानाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत होती. तिचा हात इतक्या सावकाश फिरत होता, की सत्यभामानं नजर स्टोव्हकडं वळवली.

तिला बरं वाटत होतं. कस्तुराला मिळालं, ते खरोखर बरं झालं होतं, आणि हे तिला मनापासून वाटत होतं. पण त्याच्याच तळाशी ती जुनी कळ होती, तसूभर हललेली नव्हती. आपल्या कागदाशिवाय तिला मिळालं. आपण तिच्याविरुद्ध वापरलेलं तेच वर्ष घेऊन तिला मिळालं.

कस्तुरा उठली. बानाबाईनं ठेचा आणि दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या. सत्यभामा दारापर्यंत गेली. तिथं काही तरी बोलावं म्हणून तिनं तोंड उघडलं, पण कस्तुरा आधी म्हणाली, "मावशीचा डोळा लाल दिसतोय. घाटी दवाखान्यात दाखवून आण." आणि ती गल्लीतून निघून गेली.

आत बानाबाई म्हणत होती, "पोरगी लई चांगली निघाली." सत्यभामानं कप गोळा केले, मोरीत नेऊन ठेवले आणि मायला हाक मारली, "उजेडात ये जरा. डोळा बघू."